आडवे पापुद्रे आणि लांबलेली वाट

नमस्कार. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी एक वस्तू पहिल्या रांगेत देतो; बघून झाली की मागे सरकवा, पण वाकवू नका. हा अभ्रकाचा तुकडा आहे, आमच्या घरच्या जुन्या, बंद पडलेल्या इस्त्रीतून काढलेला. इस्त्रीतली तापणारी तार अभ्रकाच्या पानांमध्ये बसवलेली असे, कारण अभ्रक उष्णता सोसते आणि विजेला अडवते. आज मला त्याचा तिसराच गुण दाखवायचा आहे. कडेला नख लावून हलकेच उचलले की त्याचा एक पापुद्रा सुटतो, त्या पापुद्र्याचा आणखी पातळ पापुद्रा सुटतो, आणि नख थकले तरी अभ्रक थकत नाही. खनिजांच्या दुनियेत असे पापुद्र्यांचे आणखी काही भाईबंद आहेत: शंखजिरे, व्हर्मिक्युलाइट, ग्रॅफाइट, आणि बेंटोनाइट मातीतले माँटमोरिलोनाइट. असे पापुद्रे प्लास्टिकात, रबरात किंवा रंगात मिसळले म्हणजे त्यातून वायू आणि बाष्प झिरपण्याचे प्रमाण का घटते, आणि पुष्कळदा अपेक्षेइतके का घटत नाही, हा आजचा विषय आहे.

विषय रुक्ष वाटेल, पण त्याची झळ आपल्याला रोज लागते. पाकीट न उघडताही चिवडा मऊ पडतो, न फोडलेल्या बाटलीतल्या सोड्याचा जोर काही महिन्यांत ओसरतो, आणि समुद्रकाठच्या पुलाचा गर्डर रंगवून दोन पावसाळे होत नाहीत तोच रंगाखाली गंजाचे फोड येतात. या तिन्ही ठिकाणी आपण ज्याला ‘बंद’ समजतो ते खरोखर बंद नसते.

प्लास्टिकला भोके नसतात, मग वायू जातो कुठून, असा प्रश्न साहजिक आहे. वाढदिवसाला आणलेला हेलियमचा रबरी फुगा दुसऱ्या दिवशी जमिनीवर लोळत असतो आणि आपण गाठ मारणाऱ्याला दोष देतो; गाठ बिचारी निर्दोष असते. फिलाडेल्फियाचे डॉक्टर जॉन मिचेल यांनी १८३१ साली रबराच्या फुग्यांतून निरनिराळे वायू निरनिराळ्या वेगाने निसटतात हे नोंदवले, आणि १८६६ साली थॉमस ग्रॅहम यांनी त्यामागची रीत उलगडली. वायू रबरात आधी विरघळतो, मग रबराच्या आतून पलीकडे सरकत जातो आणि शेवटी दुसऱ्या पृष्ठभागावरून बाहेर पडतो. आज आपण त्यात एवढीच भर घालू शकतो की बहुवारिकाच्या, म्हणजे प्लास्टिक आणि रबर ज्याचे बनते त्या पॉलिमरच्या, लांब साखळ्या सतत वळवळत असतात, त्या वळवळीत क्षणभर एखादी पोकळी उघडते, वायूचा रेणू तिच्यात उडी घेतो आणि पुढची पोकळी उघडण्याची वाट पाहतो. या उड्यांना दिशा नसते. एका बाजूला रेणूंची गर्दी जास्त आणि दुसरीकडे कमी असते, म्हणून गोळाबेरीज पलीकडच्या बाजूला होते, इतकेच.

यातून पार्यतेचे साधे सूत्र निघते. एखाद्या पदार्थाची पार्यता म्हणजे त्यात वायू किती विरघळतो आणि विरघळलेला वायू किती वेगाने सरकतो या दोहोंचा गुणाकार. पार्यता कमी करायची तर यांपैकी एखादी मूठ फिरवावी लागते. बहुवारिक बदलून दोन्ही मुठी फिरवता येतात, आणि पॅकिंगचा धंदा तेच करत आला आहे. पॉलिएथिलीन पाण्याच्या बाष्पाला बऱ्यापैकी अडवते पण प्राणवायूला वाट देते. उलट एथिलीन व्हिनाइल अल्कोहोल कोरडे असताना प्राणवायूला फार चांगले अडवते पण दमट झाले की ढिले पडते. म्हणून एकाला दुसऱ्याच्या पोटात घालून बहुस्तरीय फिल्म बनवतात. पापुद्र्यांचा उपाय निराळा आहे. तो बहुवारिकाला हात लावत नाही. रेणूच्या वाटेत आडवा पडतो.

खनिजाच्या पापुद्र्यात वायू विरघळत नाही आणि त्याच्या आरपारही जात नाही. त्यामुळे वायूचा रेणू पापुद्र्यावर आपटला की त्याला कडेपर्यंत जाऊन, कड ओलांडून, मग पुन्हा खाली उतरावे लागते. उतरतो न उतरतो तोच पुढचा पापुद्रा आडवा. ट्रेकला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. वाटेतला धोंडा चुकवायला दोन पावले बाजूला सरकले की झाले, पण गडाची तटबंदी आडवी आली तर दरवाजा सापडेपर्यंत तिच्या कडेकडेने चालत राहावे लागते. धोंडा आणि तटबंदी यांत दगड सारखाच लागला असेल, तरी वळसा सारखा पडत नाही.

हा वळसा मोजण्याचे गणित लॉरेन्स निल्सन यांनी १९६७ साली मांडले आणि ते इतके सोपे आहे की तोंडी सांगता येते. भरणद्रव्याने, म्हणजे मिसळलेल्या पापुद्र्यांनी, एकूण आकारमानाचा किती वाटा व्यापला आहे तो आकडा घ्या, त्याला पापुद्र्याच्या रुंदी-जाडीच्या गुणोत्तराच्या निम्म्याने गुणा आणि त्यात एक मिळवा. वाट तितक्या पट लांबते. वायूला जायला उरलेली जागा थोडी आक्रसते, तेवढा भाग वजा करायचा की उत्तर मिळाले. यात गृहीत धरले आहे की सगळे पापुद्रे एकमेकांपासून सुटे आहेत आणि फिल्मला समांतर, म्हणजे वायूला बरोबर आडवे, पडले आहेत. ही गृहीतके लक्षात असू द्या. पुढची सगळी रडकथा तिथूनच सुरू होते.

एक उदाहरण आकड्यांनी करून पाहू. नायलॉनमध्ये वजनाने ५ टक्के माती घातली. माती नायलॉनच्या सुमारे अडीच पट जड, म्हणून आकारमानात तिचा वाटा जेमतेम २ टक्के येतो. हीच माती गोल कणांची असती, तर मॅक्सवेल यांनी १८७३ साली विजेच्या वहनासाठी मांडलेल्या हिशेबाने पार्यता सुमारे ३ टक्के घटली असती. म्हणजे घातले काय न घातले काय. शंखजिऱ्याच्या जाडसर पापुद्र्यांचे गुणोत्तर २० धरले तर घट १९ टक्क्यांच्या आसपास जाते. गुणोत्तर १०० झाले की पार्यता निम्म्याहून थोडी खाली येते, आणि २०० झाले की एक तृतीयांशही उरत नाही. वजन तेच, खनिजही साधारण तेच. आकार तेवढा बदलला. पापुद्र्यांची गर्दी वाढली आणि ते एकमेकांवर आच्छादू लागले, तर मिनेसोटा विद्यापीठातील एडवर्ड कसलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवल्याप्रमाणे हा परिणाम वर्गाच्या प्रमाणात वाढू लागतो, पण त्या गणितात आज शिरत नाही.

कागदावरचे गणित प्रयोगात उतरते का? टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेतल्या मंडळींनी १९९०च्या दशकात पॉलिइमाइडच्या फिल्मवर केलेले काम मला या बाबतीत सर्वांत देखणे वाटते. ही तीच प्रयोगशाळा, जिने १९८०च्या दशकात नायलॉन आणि माती यांचा पहिला यशस्वी मिलाफ करून त्यापासून मोटारीच्या टायमिंग बेल्टचे झाकण बनवले होते. त्यांनी चार निरनिराळी पापुद्री खनिजे घेतली: हेक्टोराइट, सॅपोनाइट, माँटमोरिलोनाइट आणि कृत्रिम अभ्रक. चौघांच्या थरांची जाडी सुमारे १ नॅनोमीटर, पण रुंदी अनुक्रमे सुमारे ४६, १६५, २१८ आणि १२३० नॅनोमीटर. प्रत्येकी फक्त २ टक्के वजनाने घातले. पापुद्रा जितका रुंद तितकी पाण्याच्या बाष्पाची पार्यता कमी, असा सरळ क्रम लागला; माँटमोरिलोनाइटने ती निम्म्यावर आणली आणि कृत्रिम अभ्रकाने एक दशांशाच्याही खाली. निल्सनच्या सूत्रात हे आकडे घालून घरी पडताळून पाहा; माँटमोरिलोनाइटचे उत्तर जवळजवळ तंतोतंत येते आणि अभ्रकाचे प्रयोगातल्या आकड्याच्या जवळपास पोचते.

मग सगळी दुनिया हेच का करत नाही? कारण पापुद्रे सुटे मिळत नाहीत. माँटमोरिलोनाइटचे थर एकावर एक चळत लावून असतात आणि थरांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन असतात. हे आयन पाण्याला जवळ करतात, तेलकट बहुवारिकाला नाही. अशी माती वितळलेल्या पॉलिप्रोपिलीनमध्ये टाकली तर चळती तशाच राहतात. ओले पापड एकावर एक ठेवले की काय होते ते घरातल्या जाणत्या बाईला विचारा: गठ्ठ्याचा एकच पापड होतो. म्हणून पापडांच्या मध्ये पिठी भुरभुरावी लागते. मातीच्या बाबतीत ही पिठी म्हणजे अमोनियमची लांब कार्बनी शेपूट असलेली संयुगे. त्यांचे धन टोक सोडियमची जागा घेते आणि शेपूट थरांच्या मध्ये पसरते. दोन थरांमधले पुनरावृत्तीचे अंतर सुमारे १.२ नॅनोमीटर असते ते २ नॅनोमीटरच्या आसपास जाते, थरांचे पाण्याशी असलेले सख्य तुटते आणि बहुवारिकाला आत शिरायला फट मिळते. पापडाची पिठी नुसती चिकटू देत नाही. ही पिठी तर बाहेरच्या पाहुण्याला आत बोलावते, एवढा फरक मान्य करून उपमा चालवून घ्यावी.

चळत सुटली की नाही हे क्ष-किरणांनी कळते. थर समान अंतरावर असले तर आलेखात ठराविक कोनावर शिखर दिसते. अंतर वाढले तर शिखर लहान कोनाकडे सरकते. पापुद्रे पूर्ण विखुरले तर शिखरच नाहीसे होते. नवा संशोधक शिखर नाहीसे झाले की पेढे वाटतो. पण माती थोडी असली किंवा चळती अस्ताव्यस्त झाल्या असल्या तरीही शिखर दिसेनासे होते, म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप पाहिल्याशिवाय पेढ्यांची ऑर्डर देऊ नये.

चळत न सुटल्याची किंमत किती? मघाचेच उदाहरण घेऊ. गुणोत्तर २०० असलेले पाच थर एकत्र चिकटून राहिले, तर रुंदी तीच पण जाडी पाचपट. गुणोत्तर २०० चे ४० झाले. पार्यता ६८ टक्के घटायला हवी होती ती ३१ टक्केच घटते. माल तेवढाच, खर्च तेवढाच, फायदा निम्म्याहून कमी. शिवाय दिशेचा प्रश्न उरतोच. पापुद्रे सुटले पण वाटेल तसे, उभेआडवे पडले, तर सूत्रातला वळशाचा भाग एक तृतीयांश होतो आणि ६८ टक्क्यांची घट ४२ वर येते. सगळेच उभे राहिले, वायूच्या प्रवाहाला समांतर, तर वळसा जवळजवळ शून्य. तटबंदी वाटेच्या कडेने बांधल्यासारखी.

सुदैवाने पापुद्र्यांना आडवे पाडायला निसर्ग मदत करतो. फिल्म फुगवून ताणली जाते तेव्हा ते ताणाच्या दिशेला झोपतात. रंगाच्या बाबतीत तर हे फारच सुंदर घडते: ओला थर वाळताना त्याची जाडी कमी होते, लांबी-रुंदी तेवढीच राहते, आणि आटत्या तळ्यात तरंगणारी पाने शेवटी तळाच्या चिखलावर सपाट बसावीत तसे पापुद्रे पृष्ठभागाला समांतर बसतात. टाक्यांना आणि विजेच्या खांबांना लावतात त्या रुपेरी रंगात ॲल्युमिनियमचे पापुद्रे असतात. त्यांना स्टिअरिक आम्लाचा लेप दिलेला असल्याने ते वरच्या पृष्ठभागाशी तरंगत येतात आणि माशाच्या खवल्यांसारखे एकमेकांवर चढून बसतात. चकाकी हा त्यातला दिखाऊ भाग. पाण्याला आणि अतिनील किरणांना अडवणे हे खरे काम.

इथे आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. समुद्रकाठच्या पोलादासाठी काचेचे पापुद्रे घातलेला इपॉक्सी रंग करायचा होता. हे पापुद्रे काही मायक्रोमीटर जाड आणि शेकडो मायक्रोमीटर रुंद असतात. मी ते पहिल्याच टप्प्यात, इतर भुकटीबरोबर, हाय-स्पीड डिस्पर्सरमध्ये, म्हणजे वेगाने घुसळणाऱ्या यंत्रात, टाकले आणि पाऊण तास फिरवले. रंगातल्या कणांचा बारीकपणा दाखवणाऱ्या ग्राइंड गेजवर रंग इतका बारीक उतरला की मी खूश झालो. पत्र्याचे नमुने मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत ठेवले; ३५ अंश तापमान, ५ टक्के मिठाचे पाणी, अहोरात्र. माझा पत्रा आणि पापुद्रे न घातलेला साधा पत्रा एकाच आठवड्यात फोडांनी भरले. वाळलेल्या थराचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा पापुद्रे कुठेच नव्हते. काचेचा चुरा होता. आमच्या मिश्रण विभागातले मिस्त्री तो नमुना बघून म्हणाले, “साहेब, पापड चुरून घातलेत, आता पापड कुठं शोधता?” पुढच्या बॅचला पापुद्रे सगळ्यात शेवटी, संथ ढवळणीत सोडले. ग्राइंड गेजवर तो रंग खरबरीत दिसला आणि पेटीत टिकला. पार्यतेच्या सूत्रातले गुणोत्तर पोत्यावर छापलेले नसते, ते मिश्रण करणाऱ्याच्या हातात असते, हे मला त्या पत्र्याने शिकवले.

त्याच रंगाने आणखी एक गोष्ट दाखवली. पापुद्रा कितीही रुंद असो, त्याची पाठ राळेला, म्हणजे रंगातल्या इपॉक्सीला, घट्ट चिकटली नाही तर दोघांच्या मध्ये राहिलेली फट हा पाण्याचा राजरस्ता बनतो. काच पाणी ओढते. पाण्याने सांध्यात शिरकाव केला की वळसा पडण्याऐवजी उलट वाट मोकळी होते, आणि न भरलेल्या राळेपेक्षा भरलेली राळ जास्त झिरपते. म्हणून काचेच्या पापुद्र्यांना सिलेनचा लेप देतात. त्याचे एक टोक काचेला धरते, दुसरे राळेला. भरणद्रव्य वाढवत नेण्यालाही याच कारणाने मर्यादा पडते. एका प्रमाणापुढे राळ पापुद्र्यांना पुरती भिजवू शकत नाही, हवेचे बुडबुडे अडकतात, मिश्रण घट्ट होते आणि वाळलेला थर ठिसूळ बनतो.

वाट लांबण्याचा आणखी एक परिणाम गंजाच्या बाबतीत फार मोलाचा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. एखाद्या थरातून बाष्प स्थिर दराने जाऊ लागण्यापूर्वी काही काळ पलीकडे जवळजवळ काहीच पोचत नाही. हा विलंब थराच्या जाडीच्या वर्गावर आणि सरकण्याच्या वेगाच्या व्यस्तावर ठरतो. पापुद्र्यांनी हा वेग निम्मा केला तर विलंब दुप्पट होतो. जिथे पावसाची सर आणि ऊन आलटून पालटून येतात, तिथे पाणी पत्र्यापर्यंत पोचण्यापूर्वीच थर पुन्हा सुकू लागण्याची संधी त्यातून मिळते.

उपयोगांपैकी टेनिसच्या चेंडूचे उदाहरण मला आवडते. चेंडूच्या रबरी पोटात दाबाखाली हवा असते आणि ती हळूहळू निसटून चेंडू मरतो. २००१ च्या सुमारास विल्सन कंपनीच्या ‘डबल कोअर’ चेंडूत आतून ब्युटिल रबर आणि व्हर्मिक्युलाइटच्या पापुद्र्यांचा पाण्यातून लावलेला लेप देण्यात आला. व्हर्मिक्युलाइटचे पापुद्रे अतिशय रुंद, आणि लेप वाळताना ते आडवे बसतात. म्हणजे निल्सनची दोन्ही गृहीतके जवळपास पाळली गेली. लेप पाण्यातून लावल्यामुळे चळती सोडवण्याचे कामही पाण्यानेच केले, तेलकट शेपटांची गरज उरली नाही. त्याच तत्त्वाचे टोक २०१० साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गाठले गेले. तिथे काचेसारख्या पारदर्शक फिल्मवर बहुवारिक आणि माती यांचे आलटून पालटून थर बसवले, आणि काही दहा नॅनोमीटरच्या त्या लेपातून जाणारा प्राणवायू बाजारात मिळणाऱ्या उपकरणांच्या मोजमर्यादेखाली गेला.

चिवड्याच्या पाकिटाकडे परत येतो, कारण श्रोत्यांमधून तो प्रश्न येणार हे मला माहीत आहे. आतून चांदीसारखे दिसणारे पाकीट म्हणजे प्लास्टिकवर निर्वातात बसवलेला, काही दहा नॅनोमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा सलग थर. नुसत्या अडवण्याच्या बाबतीत आतापर्यंतचे मिसळलेले पापुद्रे त्याची बरोबरी करत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण धातूच्या थरातून माल दिसत नाही आणि ते पाकीट मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. मातीचे सुटलेले पापुद्रे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके पातळ असतात की फिल्म पारदर्शक राहते. दुसरा मुद्दा कचऱ्याचा. निरनिराळ्या प्लास्टिकांचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले पाकीट पुन्हा वितळवून कामाचे होत नाही. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी आणि महाराष्ट्राच्या २०१८ च्या बंदीच्या अधिसूचनेने हा प्रश्न सरकारदरबारी आणला, पण पाच थरांचे काम एका थरात करणारा पदार्थ अधिसूचनेने तयार होत नाही. एकाच प्लास्टिकात पापुद्रे घालून पुरेसा अटकाव मिळाला, तर ते पाकीट निदान एका जातीचे राहील.

त्यात अडचण पुन्हा पिठीचीच आहे. अमोनियमच्या त्या कार्बनी शेपटा १८० ते २०० अंशांच्या पुढे तुटू लागतात. पॉलिएथिलीन त्या तापमानाच्या आसपास किंवा खाली वितळवून चालते, नायलॉनला २४० लागतात आणि पाण्याच्या बाटलीच्या पीईटीला २७० च्या वर. म्हणजे बाटली करताना पिठी जळते, थर पुन्हा जवळ येतात, जळालेले तुकडे बहुवारिकाच्या साखळ्या तोडतात आणि बाटली पिवळट पडते. त्याच बाटलीचे पुन्हा प्लास्टिक करायला ती परत वितळवली की हेच दुसऱ्यांदा. म्हणून जास्त उष्णता सोसणारी फॉस्फोनियम आणि इमिडाझोलियमची संयुगे शोधली गेली. ती सोसतात खरी, पण महाग पडतात, आणि पाण्याची बाटली तर दोन-तीन रुपयांतच बसवावी लागते.

अभ्रकाचा तुकडा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला असेल, तर तो मला परत द्या. मघापेक्षा पातळ झालेला दिसतो आहे.